कोर्ट उठेपर्यंत

आंबेखोल, डिचोली
१९ सप्टेंबर २०२४

गौरवी,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षं जी मुलगी बापाचा फोन घेत नाही तिला आशीर्वादाने सुरुवात करणं म्हणजे बंद दारावर तोरण बांधणं. सरळ मुद्द्यावर येतो.

तुझा निरोप आईने वाचून दाखवला. मोबाइल माझ्या हाती दिला नाही. चष्मा लावून स्वतःच वाचला, शाळेतल्या पोरीसारखा, एकेक शब्द तोडून. "इंग्लंडात नर्सांची नोंदणी करणाऱ्या समितीने माझ्या शिक्षेबद्दल विचारलं आहे. त्या दिवशी तिथे असलेल्या माणसाचं लेखी म्हणणं त्यांना हवं आहे. बाबांना सांग, एक पान लिहून द्यावं. काय झालं ते, खरं. नोटरीसमोर सही करून. जानेवारी संपेपर्यंत पोचलं नाही तर माझा अर्ज बंद होईल."

एक पान! अकरा फेब्रुवारी दोन हजार अकरा हा दिवस एका पानात मावतो? सकाळी सहापासून खनिजाचे ट्रक आपल्या दारावरून धावत होते. तुळशीची पानं लाल, उशांचे अभ्रे लाल, शाळेतल्या पोरांच्या नाकातून निघणारा शेंबूडसुद्धा लाल. अर्ज करून थकलो तेव्हा तेरा जण रस्त्यावर बसलो. मी उभा राहून बोललो. देवाच्या दगडासमोर म्हणावं तसं गाऱ्हाणं घातलं: ही धूळ आमच्या पोरांच्या छातीतून काढ, ह्या रस्त्यावर माणूस चालू दे. आणि गावाने देवळात द्यावा तसा एका आवाजात होकार दिला, "व्हय म्हाराजा." तू एकोणीस वर्षांची होतीस. बेळगावच्या कॉलेजातून सुटीवर आली होतीस. तुझा आवाज मला वेगळा ऐकू आला होता.

पुढे खटला. दोन हजार तेरात डिचोलीच्या कोर्टात आम्ही तेराही जणांनी ताठ मानेने गुन्हा कबूल केला. सत्याग्रही बचाव करत नसतो. कोर्ट उठेपर्यंत बसा, म्हणाले. बसलो. संध्याकाळी बाहेर पडून भाजी-पाव खाल्ला आणि घोषणा देत घरी आलो. हा इतिहास आहे, गौरवी. ह्याला 'शिक्षा' म्हणणाऱ्या समितीसमोर मान खाली घालून एक पान देणार नाही. मी स्वतः येतो. उभा राहून बोलतो. चाळीस वर्षं बोलतो आहे. पाचसहा गोऱ्या बायकांना पटवणं जमणार नाही?

आई भांडी घासता घासता म्हणाली, "तिका तुमचें भाशण नाका. पान जाय."

भाषण नको, पान हवं! मी तिला म्हटलं, तुला ह्यातलं कळत नाही. पासपोर्ट शोधायला लावला आहे.

बाबा


आंबेखोल
३ ऑक्टोबर

गौरवी,

पणजीला जाऊन आलो. व्हिसाचे फॉर्म भरून देणारा अमोल म्हणून एक माणूस आहे, सांतिनेजला जिन्याखाली बसतो. आईचाही अर्ज भरला. तिचा वीस मिनिटांत झाला. नाव, गाव, नवरा, मुलगी, परत कधी येणार. सावंतवाडीपलीकडे कधी एकटी न गेलेली बाई. तिच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही नाही असं त्या फॉर्मला वाटलं. मूर्ख फॉर्म.

माझा अडला. प्रश्न आहे: कुठल्याही देशात, कुठल्याही गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का? मी अमोलला सांगितलं, 'हो' दाब, अभिमानाने दाब. तो म्हणाला, "भाई, बटणाला अभिमान कळत नाही. कैद झाली होती?"

"कैद नाही. कोर्ट उठेपर्यंत बसवलं."

तो हसला. "त्यालाच कैद म्हणतात. निकालाची नक्कल आणा, तुम्हीच वाचा. आमचे लोक अर्धे इथेच फसतात. न्यायाधीश म्हणतात बसा, आपल्याला वाटतं विश्रांती दिली."

मी पाच ग्रंथ वाचून सत्याग्रहावर व्याख्यान दिलं आहे, आणि मला हे जिन्याखालचं पोर सांगत होतं की फिरत्या पंख्याखाली बसून मी तुरुंगवास भोगला.

नियम त्याने नीट समजावले, ते तुला माहीत असतीलच. जुनी, छोटी शिक्षा असेल तर दार आपोआप बंद होत नाही. अधिकारी कागद बघतो आणि ठरवतो. पण लपवलेलं सापडलं तर दहा वर्षं बंदी. तिथे एका माणसाने विचारलं, 'नाही' लिहिलं तर त्यांना कळतं कसं? अमोल म्हणाला, "कळलं नाही तर काही नाही. कळलं तर तुम्ही शहात्तर वर्षांचे होऊन परत या." बाकीचे लोक हसले.

'हो' दाबल्यावर खाली एक चौकट उघडते. तुम्ही काय केलं ते थोडक्यात लिहा. पाच ओळींची जागा. मी लिहिलं, "गावाच्या आरोग्यासाठी शांततेने रस्त्यावर बसलो." अमोल म्हणाला, एवढंच? कागदावर आहे तेच इथे हवं, एक अक्षर कमी नको. मी म्हटलं, एवढंच.

आता कोर्टातून निकालाची नक्कल काढायची. अर्ज दिला आहे. इथे ऊन आणि पाऊस एकाच दुपारी पडतात. मी आपल्या गिरणीत भात कांडायला येणाऱ्यांशीही धड बोलत नाही; पट्टा सुरू असताना फेऱ्या मारतो. काल शेवंतीमावशी म्हणाली, "भाई, मशीन तुमी काय ती?"

बाबा


आंबेखोल
१४ ऑक्टोबर

गौरवी,

नक्कल मिळाली. साडेतीन पानं, इंग्रजीत, शेवटच्या पानावर गोल शिक्का. आरोप तीन: बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, आणि तिसरा, रघुनाथ नावाच्या ट्रक ड्रायव्हरला दगड मारून दुखापत करणं. खाली लिहिलं आहे, जमावातल्या एकाने केलं तरी ते सगळ्यांनी केलं असं धरलं जातं. सर्व आरोपींनी सर्व आरोप स्वेच्छेने मान्य केले.

तुझ्या समितीला ह्या तिसऱ्या आरोपाचंच पडलं असणार. रस्त्यावर बसलेल्या मुलीला कोण नर्स होऊ देणार नाही? पण माणसाचा जबडा फोडणाऱ्या मुलीच्या हाती आजारी म्हातारी कोण देईल?

हे पोलिसांचं काम, गौरवी. आंदोलन बदनाम करायचं असलं की दगड कुठून तरी येतोच. मागून कोणी फेकला असेल, त्यांच्याच माणसाने फेकला असेल. मी हे त्यानंतर प्रत्येक सभेत सांगितलं आहे. आमचे हात रिकामे होते.

बाबलीला जाऊन भेटलो. तेरातला तो. बोटीवर खानसाम्याची नोकरी मिळाली होती त्याला, दोन हजार पंधरात. मुंबईत अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीत हाच कागद आडवा आला. आता म्हापशाला एका हॉटेलात आहे. त्याने मला खुर्ची दिली, माझ्यासाठी सोडा उघडला. म्हणाला, "भाई, तुमी सांगल्लें म्हणून आमी मान्य केलें. आमकां दिसलें, दंड भरलो, सोंपलें. ट्रकाच्या चलनासारखें." आणि मग, "तुमकां खबर आसलें मां, काय म्हणून लिहिलां तें?"

मला माहीत होतं ना, ह्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. सोडा प्यालो नाही एवढं आठवतं.

घरी आलो तर आईने तुझा निरोप वाचून दाखवला. पहिलं पत्र पोचल्यावर तू लिहिलंस ते. एकच ओळ. "तुम्ही ते आरोपपत्र तेव्हा वाचलं होतं का?"

पत्राला पत्राने उत्तर द्यावं. एका ओळीने नाही. उद्या लिहितो.

बाबा


आंबेखोल
२९ ऑक्टोबर

गौरवी,

'उद्या' पंधरा दिवसांनी उजाडला.

हो. वाचलं होतं.

आता हे नीट समजून घे. आपल्या वकिलांनी आरोपपत्र माझ्या हाती आदल्या आठवड्यात दिलं. गावात इंग्रजी कागद वाचणारी माणसं दोन, मी आणि तू. वकील म्हणाले, "भाई, कबूल करू नका. लढू. दोन वर्षांत सगळे सुटाल, साक्षीदार तरी कोण आहे?" मी म्हटलं, बचाव करणं हा आंदोलनाचा अपमान आहे. मी देवळासमोर सभा घेतली. गाव ऐकत होतं. गाव मला नेहमीच ऐकत आलं आहे, तोच ह्या सगळ्याचा घोळ आहे.

कोर्टाच्या व्हरांड्यात तू माझा हात धरलास. "बाबा, ह्यात दगडाचं लिहिलंय. आपण बसलो होतो ते मान्य करते, हे मान्य नाही करणार." मी तुला म्हटलं, "लोक बघताहेत. भाईची पोर घाबरली म्हणतील." तू माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंस. मग हात सोडलास.

आत न्यायाधीश बाईंनी कोकणीत विचारलं, गुन्हो मान्य आसा? मी 'मान्य' म्हटलं. पुढचं नाव शेवंतीमावशीचं. तिने हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा." बाई दचकल्या. मग ओळीने सगळेच तसं म्हणाले. एकाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी व्हय म्हणायचं, आमच्या माणसांना दुसरी रीत माहीत नाही. काय मागितलं जातंय ते देवळातही कोणी कान देऊन ऐकत नाही. विश्वास असतो, मागणाऱ्याने बरंच मागितलं असेल. तू शेवटची. तू 'हो' म्हणालीस. 'म्हाराजा' नाही. कोरडं 'हो'.

मग साडेपाचपर्यंत बाकावर बसलो. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

मला का कबूल करायचं होतं, हे तू विचारणार. तत्त्व म्हणून. आणखी काय असणार? व्हरांड्यात त्या दिवशी बरेच लोक बसले होते, गर्दी होती, उकाडा होता, मला लवकर संपवायचं होतं.

त्या पणजीच्या दुकानात 'नाही लिहिलं तर' असं विचारणारा माणूस मीच होतो. हेही लिहून टाकतो, म्हणजे आता काही उरलं नाही.

बाबा


११ नोव्हेंबर

आईने तुझी दुसरी ओळ वाचली. वाचताना अडखळली नाही ह्या वेळी. "मी तुमच्या उजव्या बाजूला बसले होते."

आईने मोबाइल उपडा ठेवला आणि नारळ किसायला बसली. मी तिला विचारलं, "गौरवीने तुला काही सांगितलंय का कधी?" ती म्हणाली, "त्या दिसा तुमचो शर्ट हांवें धुयलो. हात खंय पुसलो तो म्हाका दिसूंक ना?"

तेरा वर्षं. दोघी.

मी गिरणी बंद करून मयेच्या तळ्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो आणि पुन्हा गेलो.


आंबेखोल
२४ नोव्हेंबर

गौरवी,

वरचा कागद टाकायचा राहिला होता, तो ह्याच पाकिटात घालतो.

रघुनाथला शोधून काढलं. तो दोडामार्गचा, खाणी बंद पडल्यावर ट्रक गेला, आता पेडण्यात, मोपाच्या विमानतळाकडे चढणाऱ्या रस्त्याला त्याचा गाडा आहे. चहा, भजी, पाव. पोरांना परदेशी पोचवायला येणारे आईबाप तिथे थांबतात. मी दोन वेळा त्याच्या गाड्यापुढून गेलो. तिसऱ्या वेळी त्यानेच हाक मारली.

"भाई, माझो गाडो काय कोणी अडवूक नाय. बसा."

डाव्या बाजूचे तीन दात नाहीत. हनुवटी जराशी एका अंगाला आहे. बोलताना तो हात तिथे नेतो, सवयीने. मी म्हटलं, मी कोण ते आठवतं का? तो हसला. "तुमका कोण इसारतला? अर्धो तास माझ्या ट्रकासमोर बोलत होतात."

चहा दिला. मी भाषणासारखी सुरुवात केली, परिस्थिती, काळ, दोन्ही बाजूंचे गरीब. त्याने भजी तळता तळता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माका ठावक हा कोणी मारल्यान ता. तेव्हापासून ठावक हा."

"मग कोर्टात का नाही सांगितलंस?"

"सांगूकच इल्लंय. तुमच्यासमोरच्या बाकार बसलेलंय, तोंडाक रुमाल बांधून. तुमी माका बघलात. मगे आत गेलात नि तेराव जणांनी कबूल केल्यात. शिपाय माका म्हणालो, जा घराक, आता तुझी गरज नाय. माका कोणी इचारल्यानच नाय, भाई. आजच्या दिसापर्यंत कोणी इचारूक नाय."

आता तुला लिहितो. सभेत असतो तर इथे पाण्याचा पेला उचलला असता.

व्हरांड्यात गर्दी नव्हती, गौरवी. समोरच्या बाकावर एकटा रघुनाथ होता. खटला चालला असता तर पहिली साक्ष त्याची. तो बोट दाखवणार आणि ते माझ्याकडे येणार. तेरा जणांनी कबूल केलं की बोट दाखवायला कोणी उरत नाही. सत्याग्रह, तत्त्व, अपमान हे सगळं मी त्यावर पांघरलं, इतकं नीट पांघरलं की पुढे मलाच ते अंगचं वाटू लागलं. एक दगड लपवायला मी बारा माणसं रचली. त्यातलं एक तू होतीस.

आणि दगड का मारला? तुला माहीत आहे. समितीला माहीत नाही. गावाला माहीत नाही. मी रंगात आलो होतो, लोक व्हय म्हाराजा म्हणत होते, आणि रघुनाथने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भाई, भाषण झाला काय? माका पेज जेवूक जाऊचा हा."

लोक हसले. धुळीने घसे बसलेले, तरी हसले. तूही हसलीस.

त्याच वेळी मागून पोलिसांची जीप आली, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पायाशी खनिजाचा ढेपा पडला होता, त्यांच्याच ट्रकातून सांडलेला. आपला जांभा चिरा असता तर हातातच भुगा झाला असता. खनिज फुटत नाही. ते जड असतं, हातात घेतल्याबरोबर कळतं किती जड आहे. मला कळलं होतं. ट्रक उभा होता, इंजिन बंद होतं, तो माणूस अजून हसत होता. गावाची धूळ, पोरांच्या छात्या, ह्यातलं काही त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. हसणं बंद करायचं होतं.

सगळ्यांनी जीपकडे बघितलं. तू बघितलं नाहीस.

रघुनाथला म्हटलं, मला लिहून द्यायचं आहे, नोटरीसमोर. तू सही करशील का? त्याने हात पुसले. "तुमच्या चेडवाक त्याचो उपेग व्हतलो?" म्हटलं, पोरीला होईल बहुतेक. "मगे करतंय. तुमच्यासाठी नाय." आणि थोड्या वेळाने, "चायचे पैशे मात्र देवा हां."

बाबा


आंबेखोल
१२ जानेवारी २०२५

गौरवी,

हे पत्र पोस्टाने येत नाही, आई आणते आहे. तिचा व्हिसा आला. पाकीट फोडून तिने पासपोर्ट देवासमोर ठेवला आणि मग मला म्हणाली, विमानात खिडकी उघडता येते का. परवा मोपावरून निघते. तिच्या निळ्या पिशवीत, कोकमाच्या पुडीखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद आहे. त्यावर माझी सही, रघुनाथची सही आणि नोटरीचा शिक्का आहे. बरोबर इंग्रजी भाषांतरही आहे. पिशवी सामानात टाकू नकोस असं मी तिला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, "म्हाका तुमच्यापरस चड खबर आसा, तातूंत कितें आसा तें." खरंच, त्यात काय आहे ते तिला माझ्याहून जास्त माहीत आहे.

माझा व्हिसा आलेला नाही. अमोलच्या दुकानात मी चौकट नव्याने लिहिली. त्याने वाचलं, खुर्ची मागे सरकवली. "भाई, हे लिहिलंत तर बहुतेक नाकारतील. रस्त्यावर बसलो म्हटलं असतं तर कदाचित..." मी म्हटलं, एकच दिवस दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहू? लेकीच्या समितीला एक, व्हिसावाल्यांना दुसरं? तो म्हणाला, "ते दोघे एकमेकांचे कागद बघतात कुठे?" पुन्हा तोच प्रश्न, ह्या वेळी त्याच्या तोंडून. मी बटण दाबायला लावलं. तोंडाने काही बोललो नाही. तो म्हणाला, तब्येत बरी आहे ना?

एक गोष्ट मात्र तुला आईकडून कळण्याआधी मी सांगायला हवी. जत्रेच्या दिवशी, गाऱ्हाणं घालून झाल्यावर, मी मानकऱ्यांकडे दोन मिनिटं मागितली. त्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे खाणींवर बोलेन. खाणी पुन्हा सुरू होणार म्हणून गावात कुजबुज आहेच. कोणीतरी माईक पुढे केला. मी तो बाजूला ठेवला.

मी म्हटलं, "ज्या दगडासाठी तेरा जणांनी कबुली दिली तो मी मारला. मला माहीत होतं, तुम्हाला माहीत नव्हतं. मी कागद वाचला होता आणि सांगितला नाही. माझं चुकलं."

आणि थांबलो. चाळीस वर्षांची सवय अशी की वाक्य संपलं की मी अर्धा श्वास थांबतो, गावाने व्हय म्हणावं म्हणून. ह्या वेळीही थांबलो. समई तडतडत होती ती ऐकू आली.

मग शेवंतीमावशी उठली. पंच्याहत्तरीची झाली आता, गुडघे धरून उठते. तिने हात जोडले नाहीत. "मगीर आमी कित्याक मान्य केलें?" तिने विचारलं. गिरणीत कांडण्याच्या दराची चौकशी करावी तशा साध्या आवाजात. मग आम्ही का मान्य केलं, एवढंच तिला हवं होतं. ती माझ्या उत्तरासाठी थांबून राहिली, सगळं गाव थांबून राहिलं. बाबली चप्पल घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवला: तसलाच एक कागद मलाही हवा. आठ जणांना दिले आहेत आतापर्यंत. तिघे मागायला आले नाहीत. त्यांच्या घरी मी जातो आहे. मावशीने कागद घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हाचेर म्हजें नांव आसा?" होतं. तिने तो कुंकवाच्या डब्याखाली ठेवला. भात कांडायला ती आता लामगावच्या गिरणीत जाते.

परवा आईला सोडायला जाताना रघुनाथच्या गाड्यावर थांबणार आहोत. त्याने तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू सांगून ठेवले आहेत.

समिती काय ठरवील ते मला माहीत नाही. मी तिथे असतो तर बोललो असतो, आणि बोललो असतो म्हणजे पुन्हा काहीतरी पांघरलं असतं. तू पान मागितलंस ते बरोबर होतं. फॉर्मच्या चौकटीत आणि तुझ्या कागदावर शब्द तेच आहेत, खाली उतरवतो, आईची पिशवी हरवलीच तर असावेत म्हणून.

"११ फेब्रुवारी २०११ रोजी सकाळी सुमारे दहा वाजता आंबेखोल येथे मी, कृष्णनाथ, उभ्या असलेल्या ट्रकमधील ड्रायव्हर रघुनाथ यांच्या तोंडावर खनिजाचा ढेपा मारला. त्यांनी माझी थट्टा केली होती. इतर बारा जणांनी काहीही मारले नाही, आणि कोर्टात त्यांनी कबुली दिली ती माझ्या सांगण्यावरून, आरोप पूर्ण माहीत नसताना. माझी मुलगी गौरवी हिने आरोप वाचला होता आणि ती नको म्हणत होती. मी तिला भाग पाडले. त्या सकाळी ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते."

कृष्णनाथ